पाव

तळघराच्या खिडकीतून गिऱ्हाइकांचे चेहरे दिसत नाहीत,
बूट दिसतात.
तिबिलिसीच्या या गल्लीत एकतीस वर्षं
मी बुटांना पाव विकतोय.
तपकिरी, टाचेला झिजलेले : गुराम मास्तर, दोन.
लाल रबरी : त्सियाला, एक, करपलेला चालेल.
पांढरे, नाडी कधीच नीट न बांधलेले : दवाखान्यातली एतेरी.
एका सोमवारी पांढऱ्या बुटांनी पाव घेतला नाही.
वाकून खिडकीत तोंड आणलं, म्हणाली,
"नोदार, साखर फार वाढलीय. पाव बंद."
"दुकान?"
"दुकान नाही रे. तू."

पहिले दोन दिवस मी शूर होतो.
सकाळी चार अंडी, दुपारी चीज, रात्री चीज,
मधे कंटाळा आला म्हणून चीज.
तिसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, पोटऱ्यांत गोळे आले.
चौथ्या दिवशी लक्षात आलं,
सगळं आत जातंय,
बाहेर काहीच येत नाही.

तोने म्हणजे मातीची विहीर,
तळाला पाण्याऐवजी निखारे.
कमरेपर्यंत आत वाकायचं, लांबट ओला गोळा भिंतीला थापायचा,
आणि सुटून पडायच्या आत आकड्याने ओढायचा.
दिवसातून तीनशेदा भट्टीच्या पोटात हात घालणाऱ्याला
स्वतःच्या पोटातलं कळू नये?
माझ्या आत सगळं भिंतीला चिकटलं होतं
आणि आकडा सापडत नव्हता.

सहाव्या दिवशी गुडगुड.
सातव्या दिवशी पोटाचा नगारा.
आठव्या दिवशी त्सियालाच्या सांगण्यावरून एरंडेल.
नवव्या दिवसाबद्दल मी बोलणार नाही.
दुकानाला कुलूप होतं, एवढंच.
बूट आले, थांबले, गेले.

दहाव्या दिवशी एतेरी जिना उतरून आत आली.
बुटांच्या वर एवढी बाई असते हे मी विसरलो होतो.
"साठ वर्षांच्या नोकराला," ती म्हणाली,
"कुणी एका रात्रीत काढतं का?
आणि काढलास तर काढलास, त्याच्या जागी कोण ठेवलंस? चीज?"
मग पिठाच्या पोत्यावर बसून सांगत गेली :
बिटाची पानं, कोबी, अक्रोड घालून पालक,
रात्री भिजवलेली चमचाभर जवस,
वाटीभर दही, रश्शात मीठ, आणि पाणी,
तहान लागायची वाट न बघता पाणी.
"आधी निम्मा कर. मग पाव कर.
घाई पोटाला समजत नाही.
आणि जरा चाल. भट्टीभोवती नाही, बाहेर."

दोन आठवडे मी बकरीसारखा पाला खाल्ला.
पोट कुरकुरलं, वाकडं झालं,
एकदा गुराम मास्तर पैसे मोजत असताना
असं काही बोललं
की तपकिरी बूट दोन पावलं मागे सरले.

आणि मग एका पहाटे, भट्टी पेटवायच्या आधी,
काही न करता, न कण्हता,
सहज.
बाहेर येऊन अंधारात उभा राहिलो
आणि म्हणालो, पावलं!
कोण पावलं ते ठाऊक नाही.
कोबी असेल.

आता संध्याकाळी भाचा लेवानी भट्टी सांभाळतो,
मी किल्ल्याच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत चढून येतो.
भूक अजून वासाला लागते, ते खोटं कशाला सांगू.
काल परतताना स्वतःच्याच खिडकीपाशी थांबलो.
आतून लेवानीला दिसले असतील
पीठ लागलेले काळे बूट, अनोळखी.
"किती देऊ?" त्याने विचारलं.
"पाव," मी म्हटलं.
त्याने अख्खा बाहेर दिला, गरम, दोन्ही टोकं कडक.

एक टोक मोडून तोंडात ठेवलं, बराच वेळ चावलं.
उरलेले तीन भाग कुणाचे,
म्हणून येणारे-जाणारे बूट बघत उभा राहिलो.